डीएमव्हीच्या फॉर्मवरच्या दोन नोंदण्या: एक सैन्याची, एक मतदाराची

अमेरिकेत अठरा पूर्ण झालेला मुलगा लायसन्सवरचा पत्ता बदलायला किंवा लायसन्स रिन्यू करायला डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत, गेला, की बहुतेक राज्यांत फॉर्मच्या शेवटी दोन गोष्टी भेटतात: सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी आणि मतदार नोंदणी. रांगेत उभं राहून वैतागलेला पोरगा दोन्हींना एकच उत्तर देऊन मोकळा होतो. घरी विचारलं तर सल्ला उलटा मिळतो. सैन्याचं नाव काढलं की आईच्या पोटात गोळा येतो, आणि मतदार यादीत नाव लागणं म्हणजे आपल्याकडे कौतुकाची गोष्ट. म्हणून पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो. मुलगा ग्रीन कार्डवर असेल तर ही दोन्ही उत्तरं चुकलेली असतात.

आधी पोटातल्या गोळ्याचं बघू. सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नोंदवणं म्हणजे सैन्यात भरती होणं नाही. उद्या सक्तीची भरती करायची वेळ आलीच, तर कोणाला बोलवता येईल याची ती यादी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, 1973 मध्ये, सक्तीची भरती संपली. 1975 मध्ये नोंदणीही थांबली होती. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ती पुन्हा सुरू केली. तेव्हापासून नावं जमा होताहेत, पण त्या यादीतून सक्तीने एकालाही सैन्यात नेलेलं नाही. न्यायचं झालं तर संसदेला आधी तसा कायदा करावा लागेल.

नोंदणी मात्र ऐच्छिक नाही. अठरा ते पंचविशीतल्या नागरिक मुलांना ती बंधनकारक आहे, तशीच ग्रीन कार्डवाल्यांना, आश्रय मिळालेल्यांना आणि कागदपत्रांविना राहणाऱ्यांनाही. अठरावा वाढदिवस उलटल्यावर तीस दिवसांत नाव गेलं पाहिजे. उशीर झाला तरी सव्वीस होईपर्यंत घेतात, नंतर नाही. मुलींना हा नियम लागू नाही. ‘आमचा एकुलता एक आहे हो’ ही सबब इथे चालत नाही, एकुलत्या एकालाही नाव नोंदवावंच लागतं. वैध व्हिसावर असलेले, म्हणजे एच-4 (आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणारा) किंवा एफ-1 (विद्यार्थ्यांचा) व्हिसावरची मुलं, यातून मोकळी आहेत, पण व्हिसा चालू असेल तोवरच. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत मुलगा एकविसाव्या वर्षी एच-4 मधून बाहेर पडतो, एफ-1 वर जातो आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी कुठूनतरी ग्रीन कार्ड हातात येतं. त्या आनंदात सिलेक्टिव्ह सर्व्हिस कोणाच्या डोक्यातही नसते, आणि तीस दिवसांचं घड्याळ मात्र त्याच दिवशी सुरू झालेलं असतं.

मतदार नोंदणीचा मामला अगदी वेगळा. 1993 च्या केंद्रीय कायद्याने बहुतेक राज्यांत लायसन्सच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीची सोय करायला लावली. ती फक्त नागरिकांसाठी आहे, मुलगा असो की मुलगी, आणि पूर्णपणे ऐच्छिक. नाही केली तर कोणी विचारत नाही. पण नागरिक नसलेल्याने ‘मी नागरिक आहे’ या ओळीखाली सही केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरतो. 1996 पासून इमिग्रेशन कायद्यात हा सर्वांत कडक गुन्ह्यांपैकी एक आहे. त्यातून देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते, आणि मत दिलं असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. ‘घाईत टिक झालं’ हे स्पष्टीकरण खरं असलं, तरी ते वकिलामार्फत द्यायची वेळ येते.

म्हणजे दोन्हींची जोखीम बरोबर उलट्या बाजूला आहे. सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नोंदवलं नाही तर अडचण. गरज नसताना नाव गेलं तर सहसा काही बिघडत नाही. मतदार यादीत नाही नोंदवलं तर काहीच नाही. हक्क नसताना नाव गेलं तर पंचाईत. दोन्ही प्रश्न एकाच फॉर्मवर, सारख्याच टाइपात छापणाऱ्यांनी हे कधी लक्षात घेतलं असेल असं वाटत नाही.

राज्याराज्यांत पद्धत निराळी. टेक्सस आणि जॉर्जियात सव्विशीच्या आतल्या मुलाने लायसन्सचा अर्ज दिला, की तो अर्ज हीच सिलेक्टिव्ह सर्व्हिसला संमती धरली जाते. व्हर्जिनियातही साधारण तसंच: एकतर नाव आधी नोंदवलेलं हवं, नाहीतर नोंदवायला परवानगी द्यायची. काही राज्यांत वेगळा चौकोन असतो, काहींत लायसन्सचा आणि याचा संबंधच नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसभावाचा अनुभव डॅलसमध्ये उपयोगी पडेलच असं नाही. डिसेंबर 2025 मध्ये झालेल्या संरक्षण कायद्याने तर ही नावं सरकारी नोंदींमधून आपोआप घ्यायचं ठरवलं आहे, म्हणजे पुढे या चौकोनाचं महत्त्व कमीच होत जाईल.

मतदार नोंदणीही काही राज्यांत आपोआप होते, आणि धोका तिथेच आहे. ओरेगनने हे सर्वांत आधी सुरू केलं. तिथल्या डीएमव्हीने नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या हजारावर लोकांची नावं चुकून मतदार यादीत पाठवल्याचं 2024 मध्ये उघड झालं. अर्जदाराने काही टिक केलेलं नसतानाही असं होऊ शकतं, म्हणून काउंटरवर ‘मी नागरिक नाही’ हे तोंडाने सांगावं आणि छापून आलेला कागद वाचूनच सही करावी.

पत्ता बदलतानाही फरक पडतो. लायसन्सवरचा पत्ता बदलला की, आपण नको म्हटलं नाही तर, बहुतेक राज्यांत मतदार यादीतला पत्ताही त्यासोबत बदलतो. सिलेक्टिव्ह सर्व्हिसला मात्र नवा पत्ता दहा दिवसांत कळवायची जबाबदारी त्या मुलाची. कॉलेजसाठी दर वर्षी खोली बदलणारी किती मुलं हे करतात, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

या सगळ्याचा हिशेब होतो तो नागरिकत्वाच्या अर्जात. एन-400 वर दोन्ही प्रश्न आहेत: मतदार म्हणून कधी नोंदणी केली होती का, आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसचा नंबर काय. कायद्यात सिलेक्टिव्ह सर्व्हिस चुकवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे, पण 1980 च्या दशकानंतर खटले भरलेले नाहीत. खरा फटका केंद्र सरकारच्या नोकरीत आणि इथे, एन-400 वर बसतो. कॉलेजच्या केंद्रीय आर्थिक मदतीची अट मात्र आता काढून टाकली आहे.

इथे एक जागा फसवी आहे. आईवडिलांनी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा ग्रीन कार्डवरचा मुलगा अठराच्या आत असेल आणि त्यांच्याजवळच राहत असेल, तर तोही आपोआप नागरिक होतो. अठरा पूर्ण होऊन एक आठवडा झाला असेल तरी होत नाही. घरात सगळ्यांचे अमेरिकन पासपोर्ट, धाकटी बहीणही नागरिक, म्हणून हाही स्वतःला नागरिक समजून मतदार नोंदणीला हो म्हणतो.

तसं झालंच असेल तर मत देऊ नये. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला पत्र लिहून नाव काढायला सांगावं, त्यांचं उत्तर जपून ठेवावं, आणि एन-400 भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं. सिलेक्टिव्ह सर्व्हिस राहून गेली असेल आणि मुलगा अजून सव्वीसचा झाला नसेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर आजच नाव घालावं. सव्वीस उलटले असतील तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्याच कार्यालयाकडून स्थिती सांगणारं पत्र मागवता येतं. सव्वीस ते एकतीसच्या दरम्यान नागरिकत्वाचा अर्ज केला, तर हे जाणूनबुजून टाळलं नव्हतं हे दाखवावं लागतं. एकतीसनंतर ही गोष्ट सहसा आड येत नाही. सव्विशीपर्यंत व्हिसावरच होता, अशांनी जुने आय-20 (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि आय-94 (देशात आल्याची नोंद) फेकू नयेत.