लोड बॅलन्सर: आळीपाळीच्या उत्तरापासून हेल्थ चेकपर्यंत

लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारा मध्यस्थ. व्हर्च्युअल लॅबमध्ये तो उभारायला आज तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेले संगणक, पुरतात. दोघांवर वेब सर्व्हर, तिसऱ्यावर विनंत्या वाटणारे एचएप्रॉक्सी किंवा एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर. एका सर्व्हरच्या पानावर ‘एक’ आणि दुसऱ्याच्या पानावर ‘दोन’ लिहून ठेवायचे आणि ब्राउझर रिफ्रेश करत राहायचे. आकडे आलटून पालटून दिसू लागले की बहुतेक जण सराव संपला असे समजतात. माझ्या मते खरा सराव तिथून सुरू होतो. विनंत्या वाटून देणे हा या कामातला सर्वांत जुना आणि सोपा भाग. बंद पडलेल्या सर्व्हरचे काय करायचे, या प्रश्नाने मात्र पुढची कितीतरी वर्षे खाल्ली.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राने मोझॅक ब्राउझर लोकांना खुला केला. वेब झपाट्याने पसरले आणि त्या केंद्राच्या स्वतःच्या वेब सर्व्हरवरच गर्दी उसळली. एक मशीन पुरेना. १९९४ मध्ये तिथल्या मंडळींनी मांडलेला उपाय असा: अनेक सर्व्हर ठेवायचे, सगळ्यांनी एकाच सामाईक फाइल सिस्टीममधून तीच पाने वाचायची, आणि नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएसने उत्तरातली पत्त्यांची यादी दर वेळी फिरवायची. हेच राउंड रॉबिन डीएनएस. डीएनएसमधून भार वाटण्याचा विचार एप्रिल १९९५ च्या आरएफसी १७९४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातही आला.

पण डीएनएस फक्त पत्ता सांगतो. त्या पत्त्यावर कोणी जागे आहे का, ते पाहत नाही. शिवाय मधले डीएनएस सर्व्हर मिळालेले उत्तर काही काळ कॅशेत जपून ठेवतात, त्यामुळे एका मोठ्या संस्थेतले सगळे वापरकर्ते एकाच सर्व्हरवर जाऊन पडू शकतात. लॅबमध्ये हे जरूर करून पाहा. एका नावाला दोन ए रेकॉर्ड, म्हणजे पत्त्याच्या दोन नोंदी, द्या आणि एक मशीन सरळ पॉवर ऑफ करा. आजचे ब्राउझर स्वतःहून दुसरा पत्ता आजमावतात, तरी पहिला पत्ता मेलेला निघाला तर पान येण्याआधीचा खोळंबा जाणवतो.

म्हणून वापरकर्ता आणि सर्व्हर यांच्या मधे बसणारी पेटी आली. सिस्कोचे लोकलडायरेक्टर आणि एफ५ चे बिग-आयपी ही नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली उपकरणे. बाहेर एकच पत्ता दिसायचा आणि मागे कितीही सर्व्हर असायचे. ही उपकरणे महाग होती, शिकणाऱ्याच्या हाती येणारी नव्हती. मे १९९८ मध्ये वेनसाँग झांग यांनी लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर सुरू केला आणि तेच काम साध्या लिनक्स मशीनवर होऊ लागले. त्याची ‘डायरेक्ट राउटिंग’ पद्धत मला आजही फार आवडते. विनंती बॅलन्सरमार्फत जाते, पण उत्तर वेब सर्व्हर थेट वापरकर्त्याला पाठवतो. त्यासाठी सर्व सर्व्हरवर तोच सामाईक पत्ता द्यावा लागतो, आणि ‘हा पत्ता कोणाचा?’ असे स्थानिक नेटवर्कवर विचारणाऱ्या एआरपीच्या प्रश्नाला बॅलन्सरखेरीज इतरांनी गप्प राहावे लागते. लॅबमध्ये हे गप्प बसवणे विसरले की विनंत्या बॅलन्सरला वळसा घालून भलत्याच मशीनवर पोहोचतात आणि तास वाया जातो.

एचएप्रॉक्सी २००१ मधले, विली तारो यांचे. इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये हाती घेतलेले एनजिनएक्स २००४ मध्ये लोकांसमोर आले. तोवर एका मशीनवर दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, ही चर्चा जोरात होती. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये तिला ‘सी१०के’ नाव दिले होते. दर जोडणीला वेगळी प्रोसेस देण्याऐवजी एकाच प्रोसेसने अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवण्याची रचना एचएप्रॉक्सी आणि एनजिनएक्स या दोघांनी घेतली.

सर्व्हरची हजेरी घेण्याची, म्हणजे हेल्थ चेकची, त्यांची रीत मात्र वेगळी आहे. एचएप्रॉक्सीत सर्व्हरच्या ओळीपुढे ‘चेक’ लिहिले की ते दर दोन सेकंदांनी चौकशी करते. लागोपाठ तीन वेळा उत्तर आले नाही तर सर्व्हर यादीतून बाहेर, दोनदा नीट आले की परत आत. एनजिनएक्सची मोफत आवृत्ती वेगळी चौकशी करत नाही. खऱ्या वापरकर्त्याची विनंती फसली की तेव्हाच तिला कळते आणि मग मूळ सेटिंगनुसार ती त्या सर्व्हरला दहा सेकंद वगळते. दोन्ही लावून, मधेच एक सर्व्हर बंद करून लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, वाचला की फरक डोळ्यांसमोर येतो.

त्याच लॉगमध्ये आणखी एक जुना पेच दिसतो. वेब सर्व्हरला प्रत्येक विनंती बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. यावरचा, मूळ वापरकर्त्याचा पत्ता विनंतीसोबत पुढे नेणारा ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हा हेडर स्क्विड या प्रॉक्सीच्या, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरच्या, लोकांनी आणला आणि तो सर्रास रुळला. प्रमाणित ‘फॉरवर्डेड’ हेडर आरएफसी ७२३९ मध्ये यायला २०१४ उजाडले.

हे सगळे घरच्या मशीनवर जमते ते वेगळ्या वाटेने झालेल्या प्रगतीमुळे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर व्हर्च्युअल मशीन १९६० च्या दशकापासून होती, पण साध्या पीसीचा एक्स८६ प्रोसेसर त्यासाठी घडवलेलाच नव्हता. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ती अडचण सॉफ्टवेअरने ओलांडली, २००५ पासून इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय दिली, आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सचा सोर्स खुला झाला. २०१० मध्ये आलेल्या व्हेग्रंट या साधनामुळे तर तिन्ही मशीन एका फाइलमध्ये लिहून एका आज्ञेत उभी करता येतात.

मग चौथे मशीनही जोडा, कारण बॅलन्सरच बंद पडला तर मागचे दोन्ही सर्व्हर असून नसल्यासारखे. यासाठीचा व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३३८ मधला. लिनक्सवर तो कीपअलाइव्हडी हे सॉफ्टवेअर चालवते. मुख्य बॅलन्सर दर सेकंदाला ‘मी आहे’ असे जाहीर करतो आणि तीन हाका चुकल्या की राखीव बॅलन्सर सामाईक पत्ता स्वतःकडे घेतो. त्या पत्त्याला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सततची चौकशी, चालू ठेवा आणि मुख्य मशीन वीज गेल्यासारखे एकदम बंद करा. तीन-चार उत्तरे गळतात आणि पिंग पुन्हा सुरू होतो.