अतिदक्षता विभागातील निद्राभंग

आयसीयूतील रुग्णाची झोप तुटक होणे आणि शरीराच्या घड्याळाचा दिवस-रात्रीशी मेळ सुटणे. चोवीस तासांची बेरीज सात-आठ तास भरते, पण त्यातली निम्मी झोप दिवसा लागलेली असते. उथळ झोप वाढते. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप आटते. म्हणून ‘रात्रभर डोळे मिटून होते’ ही केसपेपरवरची नोंद झोपेचा पुरावा नव्हे.

हे घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागते. अंधारात पाझरणाऱ्या मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाची पातळी साधारण पहाटे 2 ते 4 दरम्यान सर्वाधिक असते. रात्रीचे दिवे, रक्तातला जंतुसंसर्ग आणि नाडी मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे ती दाबतात. गोव्यात भर पावसाळ्यात खिडकीजवळची खाटही दुपारी काळोखी असते. अशा दिवसांत सकाळी छतावरचे सगळे दिवे लावणे हा उपचारच समजावा.

दोष नेहमी आवाजाला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील वॉर्डांसाठी रात्री 30 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. आयसीयूत 50 ते 60 डेसिबल नेहमीचे, अलार्म 80 पर्यंत जातात. तरी मेंदूलहरींच्या नोंदी पाहिल्या तर आवाजाने आलेली जाग एक तृतीयांशाहून कमीच. उरलेल्या जागेमागे वेदना, तहान, नळ्या, सुया आणि व्हेंटिलेटर असू शकतात. व्हेंटिलेटरचा प्रेशर सपोर्ट, म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक श्वासाला दाबाने दिलेला आधार, गरजेपेक्षा जास्त असेल, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, झोपेत श्वास थांबतो, अलार्म होतो, रुग्ण दचकून उठतो. रात्री सपोर्ट कमी करणे किंवा ठरावीक श्वास देणारा मोड लावणे हा त्यावरचा उपाय. मिडॅझोलॅम या गुंगीच्या औषधाने रुग्ण निपचित पडतो, पण गाढ झोप मिळत नाही. डेक्समेडेटोमिडीन या दुसऱ्या गुंगीच्या औषधाने येणारी झोप नैसर्गिक झोपेच्या जास्त जवळची. मात्र नाडी आणि रक्तदाब उतरतात.

रात्री 10 च्या फेरीत अलार्मच्या मर्यादा रुग्णाप्रमाणे लावाव्यात आणि संपत आलेली सिरिंज बदलावी, म्हणजे औषधाचा पंप रात्री दोनला ओरडत नाही. शुगर तपासणे, सक्शन (नळीतून कफ ओढणे), कूस बदलणे एकाच खेपेत उरकावे. मात्र पाठीला जखम होण्याचा धोका असेल तर कूस चुकवू नये. पहाटे चारची स्पंज-आंघोळ निव्वळ ड्युटीच्या सोयीची. ती सकाळी हलवावी. कानातले बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी स्वतः काढू शकणाऱ्यालाच द्यावी.

गोव्यात दुपारची झोप अंगवळणी पडलेली असते. ती तासभर असू द्यावी, मग पडदे उघडून चश्मा आणि श्रवणयंत्र लावावे. भ्रमातल्या (डेलिरियम, आजारात भान हरपलेल्या) रुग्णाला ‘आयज सोमार, सकाळचीं आठ वरां’ (आज सोमवार, सकाळचे आठ) असे त्याच्या कोकणीत सांगितलेले लवकर पोचते.

झोप मोजायला रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली वापरतात: गाढपणा, झोप लागणे, जाग येणे, पुन्हा झोप लागणे आणि एकूण प्रत, अशा पाच बाबींवर रुग्ण 100 मिलिमीटरच्या रेषेवर खूण करतो. सरासरी काढतात. भ्रम असलेल्याची खूण ग्राह्य धरत नाहीत.