जुने सिमेंटचे पत्रे काढायला घेण्याआधी

“पत्र्याखाली अख्खा जन्म गेला, काही झालं नाही. मग मास्क, पाणी, प्लॅस्टिक कशाला?” जुने पत्रे बदलायच्या मोजमापाला गेलो की हा प्रश्न ठरलेला असतो.

पत्र्याखाली राहणं वेगळं, पत्रा फोडणं वेगळं. सिमेंटच्या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू असतात आणि सिमेंट ते धरून ठेवतं. धड पत्रा सहसा त्रास देत नाही. हातोडा, ग्राइंडर किंवा कोरडा झाडू लागला की तंतू सुटतात. ते श्वासात जाऊन पुढे कर्करोग करू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन्‌तास तरंगतात.

सगळ्यात जास्त खोळंबा एकाच गोष्टीने होतो: मजुरी वाचावी म्हणून आम्ही यायच्या आधीच पत्रे फोडून अंगणात ढीग लावलेला असतो. अखंड 10 फुटी पत्रा 40 किलोच्या आसपास भरतो, दोघे तो सरळ उतरवतात. तुकडे मात्र एकेक भिजवून वेचावे लागतात, वरची मातीही खरवडावी लागते. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं, बिलही वाढतं. गोठ्यात तर ती धूळ कडब्यात बसते. पत्रे जसे आहेत तसेच राहू द्या.

आम्ही पाठीवरच्या फवारणी पंपात पाणी आणि थोडा पातळ साबण घेऊन पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवतो, कारण नुसतं पाणी घरंगळून जातं. गंजलेले हूक बोल्ट कटरने तोडतो, ग्राइंडर लावत नाही. पत्रा दोरीने खाली सोडतो आणि जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत बांधतो. हा घातक कचरा आहे. तो उकिरड्यावर किंवा शेतरस्त्याच्या खड्ड्यात टाकत नाही, अधिकृत ठिकाणी पाठवतो. बिलात त्याची वेगळी ओळ असते ती यासाठी. रुमाल किंवा उपरणं हे तंतू अडवत नाही. घट्ट बसणारा पी-100 फिल्टरचा मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही गळतो.

विडीबद्दल आम्ही कडक आहोत आणि राहणार. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांवरचा, म्हणजे पाइप-बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचा उष्णतारोधक थर चढवणाऱ्यांवरचा, 1979 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. धूम्रपान नाही आणि ॲस्बेस्टॉसही नाही, अशा माणसाच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे 5 पट, नुसत्या धूम्रपानाने 11 पट आणि दोन्ही मिळून 53 पट निघाला. पुढच्या अभ्यासांत आकडे कमी-जास्त आले, पण दोन्ही एकत्र असलं की धोका सर्वांत मोठा, हे कायम राहिलं. श्वासनळीतले बारीक केस धूळ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात आणि तंतू आतच राहतात. हे आकडे वर्षानुवर्षे रोज धूळ खाल्लेल्यांचे आहेत. एकदा गोठा उतरवणाऱ्याला ते लागू नाहीत, पण आमची माणसं हेच काम रोज करतात. म्हणून चहाच्या सुट्टीतही त्यांना विडी देऊ नका. न पिणाऱ्यालाही मास्क लागतोच, कारण फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, विडीशिवाय होतो.

घरात कोणी भुसावळला वाफेच्या इंजिनांवर, बॉयलरवर किंवा पत्र्यांच्या कारखान्यात काम केलेलं असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. आजार 20 ते 40 वर्षांनी उघड होतो, तोवर कामाची आठवण कुणी काढत नाही. दोन आठवड्यांवर खोकला असेल किंवा बेडक्यात रक्त दिसलं, तर टीबीबरोबर याचीही तपासणी करून घ्या. विडी सोडायला उशीर झाला असं समजू नका. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्याच 2013 च्या अभ्यासात, सोडल्यावर 10 वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

पत्रा धड असेल तर बदलण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. न घासता वरून रंगाचे दोन हात पुरतात. तडे गेले असतील किंवा कडा भुसभुशीत झाल्या असतील, तर रंगीत लोखंडी पत्रा, खाली उष्णतारोधक थर घालून, बसवून देतो. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात या थराशिवाय तो घेऊ नका. मोजमाप आणि पाहणी मोफत आहे. आखाजीनंतर गर्दी होते, त्यामुळे होळीच्या सुमारास सांगितलंत तर पावसाआधी काम नक्की पूर्ण होतं.