रँचवर एकच रात्र का मिळत नाही

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याची आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची सहल ठरवताना बहुतेक कुटुंबं आम्हाला सांगतात, "वाटेत एखाद्या रँचवर एक रात्र टाका." रँच म्हणजे गुराघोड्यांचं मोठं शेत, जिथे पाहुणे राहतात आणि घोडेस्वारी करतात. मग चार रँचना विचारायचं, चारही ठिकाणांहून नकार यायचा, आणि तोवर यलोस्टोनच्या आतल्या लॉजमधल्या खोल्या संपलेल्या असायच्या. म्हणून हल्ली चार रात्रींपेक्षा कमी मुक्कामाची चौकशी आम्ही रँचकडे पाठवतच नाही. काहींना हे आडमुठेपणाचं वाटतं. त्यामागचं कारण रँचच्या इतिहासात आहे.

हॉवर्ड, विलिस आणि आल्डन हे ईटन बंधू मूळचे पिट्सबर्गचे. डकोटात मेडोराजवळ, लिटल मिसुरी नदीच्या खोऱ्यात त्यांनी गुरांचा रँच थाटला. पूर्वेकडचे मित्र आणि मित्रांचे मित्र शिकारीला येत ते लवकर हलत नसत. एवढ्या लोकांना फुकट जेवू घालणं परवडेना, तेव्हा पाहुण्यांनीच पैसे देऊ केले. १८८२ पासूनची ही प्रथा म्हणजेच गेस्ट रँचची सुरुवात, असं मानतात. पुढे १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात त्या मुलखातली गुरं लाखांनी मेली. तिथेच रँच असलेल्या, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचाही निम्म्याहून अधिक कळप गेला. नुसत्या गुरांवर विसंबणं किती धोक्याचं आहे, हे सगळ्यांनाच कळून चुकलं.

१९०४ मध्ये ईटन बंधू वायोमिंगला आले. शेरिडनच्या पश्चिमेला, बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी, वुल्फ क्रीकच्या खोऱ्यात त्यांचा रँच आजही त्याच घराण्याकडे आहे. पहिल्या महायुद्धात युरोपची वाट बंद झाली आणि श्रीमंत अमेरिकन इकडे वळले. १९२६ मध्ये रँचवाल्यांनी आपली संघटना काढली, त्यात रेल्वे कंपन्यांचाही हात होता. त्या काळी लोक दोन-तीन दिवस रेल्वेनं प्रवास करून यायचे आणि महिना-महिना, कधी अख्खा उन्हाळा राहायचे. आजचा 'रविवार ते रविवार' हा आठवडा त्याच मुक्कामाचं आखूड रूप आहे.

आणि चार रात्रींपेक्षा तो आखूड करायला जागा नाही. पहिल्या दिवशी तुमचं वजन आणि सराव बघून घोडा ठरतो, रिकिबी बसवतात. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. तिसऱ्या दिवशी घोड्याला तुम्ही कळता आणि तुम्हाला घोडा, मग कुठे डोंगरात वर जाता येतं. संध्याकाळी पोहोचून सकाळी निघणाऱ्या माणसाला यातलं काय मिळणार? खोली, तिन्ही वेळचं जेवण आणि घोडा यांचा दर सहसा एकत्रच असतो, त्यामुळे एका रात्रीचे पैसेही वायाच जातात.

आमचा सल्ला असा: यलोस्टोन आधी उरका आणि रँच सहलीच्या शेवटी ठेवा. त्यासाठी एखादं शहर गाळावं लागलं तर गाळा. आमच्या अनुभवात मुलं शहर विसरतात, घोड्याचं नाव विसरत नाहीत. खरोखरच दिवस नसतील तर कोडी गावात हॉटेल घ्या. तिथून यलोस्टोनचं पूर्वेकडचं प्रवेशद्वार सुमारे ५० मैलांवर आहे, उन्हाळ्यात रात्री रोडिओ (काउबॉयांचे घोड्या-बैलांवरचे खेळ) असतो, आणि काही तासांची घोडेस्वारीही आम्ही ठरवून देतो.

फॉर्म भरताना वजन आणि उंची खरी लिहा. घोडा त्यावरूनच निवडतात, आणि अनेक रँचवर वजनाची मर्यादा असते. नुसतं 'शाकाहारी' लिहू नका. अंडं चालतं का, चिकनच्या पाण्यातलं सूप चालतं का, तेही लिहा. रँचचं स्वयंपाकघर मांसाहारी आहे, पण आधी कळवलं तर ते मनापासून करतात. ही यादी इंग्रजीत करून आम्ही आधीच पाठवतो.

जुलै-ऑगस्टचा आठवडा हवा असेल तर आदल्या दिवाळीपर्यंत सांगा. जुने पाहुणे वर्षानुवर्षं तोच आठवडा धरून ठेवतात, आणि उरलेल्या केबिनमधूनच आपल्याला निवडायचं असतं.