सेनानेतृत्वावरील युद्धकालीन टीका

युद्ध चालू असताना, किंवा ते दारात येऊन ठेपले असताना, सेनापतींच्या नेमणुका, डावपेच आणि वर्तन यांवर संसदेत, वृत्तपत्रांत व लोकांत होणारी जाहीर टीका. ‘आत्ता बोलाल तर शत्रूचे फावेल’ हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप, आणि ‘आत्ता नाही बोललो तर मग कधी?’ हे तिचे नेहमीचे उत्तर. क्रिमियाच्या युद्धात ‘द टाइम्स’चे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल यांनी ब्रिटिश छावणीतली उपासमार, थंडी आणि रोगराई लोकांसमोर आणली. लॉर्ड रॅग्लन यांच्या सेनापतित्वावर टीकेची झोड उठली. जानेवारी १८५५ मध्ये चौकशी समितीचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी संमत झाला आणि पंतप्रधान लॉर्ड अॅबरडीन यांचे सरकार गेले. रॅग्लन मात्र मृत्यूपर्यंत पदावर राहिले. सेनापतीवरचा राग मंत्र्यावर निघतो, आणि कधी मंत्र्यावरचा सेनापतीवर. भारतात ही अदलाबदल सर्वांत स्पष्ट दिसली ती १९६२ च्या चीन युद्धात. पुढील विवेचन मुख्यतः त्याच युद्धाविषयी आहे.

भारतात सेवेतला अधिकारी टीकेला जाहीर उत्तर देऊ शकत नाही. सेना अधिनियम, १९५० आणि त्याखालील नियम त्याला सरकारी परवानगीशिवाय वृत्तपत्रांकडे जाऊ देत नाहीत. संसदेतही, जो सभागृहात येऊन स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याचे नाव घेऊन आरोप करू नयेत, असा संकेत आहे. त्यामुळे सेनापतीच्या वतीने संरक्षणमंत्री बोलतो. ही व्यवस्था चांगली आहे, पण मंत्री आणि सेनापती यांच्यात विश्वास असेल तरच. १९५९ मध्ये तो उरला नव्हता. ३१ ऑगस्टला लष्करप्रमुख जनरल के. एस. थिमय्या यांनी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याशी पटत नसल्याने राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि दोनच दिवसांनी लोकसभेत निवेदन करताना थिमय्यांनाच बोल लावला. थिमय्यांना तेथे उत्तर देण्याची सोय नव्हती.

याच काळात लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल वर चढत होते. त्यांची बरीच सेवा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद आणि वाहतूक सांभाळणाऱ्या शाखेत गेलेली. लढाईत पायदळ हाताळण्याचा अनुभव जवळजवळ नाही. काम धडाक्याने उरकण्याची ख्याती मात्र होती: अंबाल्याला त्यांनी चौथ्या डिव्हिजनच्या जवानांकडून घरे बांधून घेतली, तेव्हा ते नेहरूंच्या विशेष मर्जीत आले. १९६१ मध्ये ते चीफ ऑफ जनरल स्टाफ, म्हणजे मुख्यालयात मोहिमांचे नियोजन पाहणारे वरिष्ठ अधिकारी झाले. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य जे. बी. कृपलानी यांनी लोकसभेत मेननांवर हल्ला चढवला. सेनेत गट पाडले, बढत्या मर्जीवर दिल्या, मनोधैर्य खचवले, असे आरोप त्यांनी केले. कौलांची बाजू नेहरूंनी स्वतः सभागृहात मांडली.

ही टीका धारदार होती खरी, पण रोख सगळा माणसांवर होता. कोण कोणाचा, कोण कोणाच्या घरी जातो, याची चर्चा झाली. पुढच्या चौक्यांना रसद कशी पोहोचते आणि तिथल्या जवानाच्या अंगावर कोणते कपडे आहेत, हे त्यामानाने फार कमी विचारले गेले.

वादाचा पुढचा अंक मुंबईत झाला. फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून मेननांविरुद्ध कृपलानी उभे राहिले. परराष्ट्र आणि संरक्षण धोरण हा प्रचाराचा मुख्य विषय असणे लोकसभेच्या एखाद्या मतदारसंघात क्वचितच घडते. इथे ते घडले. मुंबईतूनच निघणारी दोन इंग्रजी साप्ताहिके समोरासमोर ठाकली: करंजियांचे ‘ब्लिट्झ’ मेननांच्या बाजूने, काराकांचे ‘करंट’ विरोधात. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी निवडून आले. आपल्यावरची टीका लोकांनीच फेटाळली, असा अर्थ मेननांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना यातून काढता आला. लष्करी नेमणुकांचा निवाडा मतपेटीतून होत नाही, हे कळायला आठ महिने लागले.

सप्टेंबर १९६२ मध्ये नेफाच्या (आजचा अरुणाचल प्रदेश) पश्चिम टोकाला, नामका चू ओढ्यालगतच्या धोला चौकीसमोर चिनी सैनिक उतरले. थगला कड्यावरून त्यांना हुसकावण्याचे आदेश निघाले. त्या भागाची जबाबदारी असलेले ३३ व्या कोअरचे (कोअर म्हणजे इथे अनेक डिव्हिजनांचे मोठे दल) प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी, आधी एवढी रसद, एवढा दारूगोळा, एवढे कपडे जमवा, मगच हल्ला करता येईल, असा हिशेब मांडला. तो हिशेब वरिष्ठांना अडवणूक वाटला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नवी चौथी कोअर उभारून नेफा तिच्याकडे दिला गेला आणि प्रमुख म्हणून कौल तेजपूरला पोहोचले. चिन्यांना हाकलण्यासाठी नवे दल, अशा बातम्या छापून आल्या. उमराव सिंग यांचे म्हणणे मात्र छापले गेले नाही. या साऱ्या प्रकरणातली सर्वांत नेमकी टीका त्यांचीच होती आणि ती सरकारी पत्रव्यवहारात राहिली.

कौल स्वतः नामका चूला चालत गेले. सवय नसलेल्या उंचीवर दम लागल्याने चढावर काही अंतर त्यांना हमालाच्या पाठीवरून जावे लागले. खाली ओढ्याकाठी ७ व्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात, माणशी जेमतेम पन्नास गोळ्या घेऊन उभे होते. १० ऑक्टोबरला त्सेंगजोंग येथे पंजाब रेजिमेंटच्या छोट्या तुकडीवर चिन्यांनी मोठ्या संख्येने हल्ला केला. तो कौल यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्याच दिवशी ते परिस्थिती सांगायला दिल्लीकडे निघाले. ११ ऑक्टोबरला रात्री पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली. हल्ला तूर्त बाजूला राहिला, पण जवानांना त्याच अडचणीच्या जागी ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सिलोनला निघताना नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की, आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सेनेला दिल्या आहेत, तारीख सेनेने ठरवायची. या एका वाक्याने सेनापतींवर जाहीर दडपण आले, आणि पुढे अपयशाचे माप कोणाच्या पदरात पडणार तेही ठरून गेले.

१८ ऑक्टोबरला कौल आजारी पडून दिल्लीला परतले, पण कोअरचे प्रमुखपद त्यांच्याकडेच राहिले. २० ऑक्टोबरच्या पहाटे नामका चूवर हल्ला झाला तेव्हा कोअरचा प्रमुख दिल्लीत घरी अंथरुणावर होता. ७ व्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी २२ तारखेला पकडले गेले. २४ तारखेला लेफ्टनंट जनरल हरबख्श सिंग यांनी सूत्रे घेतली आणि सेला खिंडीच्या बचावाची आखणी सुरू केली, तोच २९ तारखेला कौल परत आले. अंथरुणावरून चाललेले हे सेनापतित्व नंतर टीकेचा कायमचा विषय झाले, आणि तो राग रास्तच म्हटला पाहिजे. मात्र आजारी माणसाला पदावर ठेवणाऱ्या वरिष्ठांबद्दल तितके बोलले गेले नाही.

२६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, भारत संरक्षण वटहुकूमही निघाला. तरीही टीका दबली नाही, हे विशेष. जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी यांच्यासह अनेकांनी मागणी केल्यावर संसदेचे अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला भरवण्यात आले. आघाडीवर लढाई चालू असताना सभागृहात सरकारचे वाभाडे निघत होते. चर्चा गुप्त ठेवावी ही सूचना नेहरूंनी मान्य केली नाही. या बाबतीत त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मेननांविरुद्धचा सर्वांत परिणामकारक आवाज विरोधकांचा नव्हता, काँग्रेस पक्षातलाच होता. ३१ ऑक्टोबरला त्यांच्याकडून संरक्षण खाते काढून संरक्षण उत्पादन दिले गेले. तेवढ्याने भागले नाही, आणि ७ नोव्हेंबरला त्यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. पुढे सेला आणि बोमदिला पडल्यावर लष्करप्रमुख जनरल पी. एन. थापर यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी जे. एन. चौधरी आले, कौल निवृत्त झाले आणि चौथी कोअर सॅम माणेकशा यांच्याकडे गेली. त्याच माणेकशांची काही काळ आधी चौकशी झाली होती आणि तीत ते निर्दोष ठरले होते.

मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावणे आले ते या धामधुमीत. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात आजही पाठ असते. २१ नोव्हेंबरला, म्हणजे चीनने शस्त्रसंधी जाहीर केली त्याच दिवशी, त्यांनी शपथ घेतली. लढायला युद्ध उरले नव्हते. त्यांच्या वाट्याला टीका आली, आणि तिला उत्तर देण्याचे काम. डिसेंबरमध्ये लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर पी. एस. भगत यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. प्रशिक्षण, सामग्री, हुकमाची उतरंड, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची कुवत हे तिचे विषय होते. मंत्री आणि पंतप्रधान यांचे निर्णय त्यात नव्हते. चौकशी सेनेची, सेनेने केलेली. राजकीय नेतृत्व चौकटीबाहेरच राहिले.

दरम्यान अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतलेल्या कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेतला तो पहिलाच. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. २ सप्टेंबरला चव्हाणांनी हेंडरसन ब्रुक्स चौकशीच्या अहवालाचा सारांश सभागृहाला सांगितला, अहवाल मात्र मांडला नाही. कनिष्ठ अधिकारी एकंदरीत ठीक उतरले, उणिवा वरच्या पायऱ्यांवर अधिक दिसल्या, आणि वरच्या कचेऱ्या तुकड्या कुठे हलवायच्या इथपर्यंत ढवळाढवळ करत होत्या, असे त्या निवेदनात होते. सेनेची अब्रू राखत एवढे सांगणे सोपे नव्हते, आणि चव्हाणांच्या मुत्सद्देगिरीचा तो नमुना मानला जातो.

अहवाल झाकलेला राहिल्याने पुढचा वाद आत्मकथनांतून झाला. कौल यांनी १९६७ मध्ये आपली बाजू मांडली, १९६९ मध्ये दळवी यांनी तिच्या नेमके विरुद्ध लिहिले. दोघेही तोवर निवृत्त झालेले. मराठी वाचकाला ही रीत अनोळखी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंवर ठपका ठेवणाऱ्या आणि त्यांची बाजू घेणाऱ्या बखरी अशाच, ऐकीव आणि आठवणी यांच्या भरवशावर लिहिल्या गेल्या. बाजारबुणगे बरोबर का नेले, होळकरांचा सल्ला का डावलला, हे प्रश्न अडीचशे वर्षे चघळले गेले, आणि दारुण पराभवाला ‘पानिपत’ हाच शब्द रूढ झाला.

कारगिल युद्धानंतर जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल काही भाग गाळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडण्यात आला. हेंडरसन ब्रुक्स अहवालाबाबत मात्र २०१० मध्येही संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत, तो संवेदनशील असून त्याला आजही लष्करी महत्त्व आहे, असेच सांगितले. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला.