डोक्याची वाढ, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांची
गर्भावस्थेचे ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ठरावीक अंतराने मोजून मेंदूच्या वाढीचा अंदाज बांधतात. गर्भाचा मेंदू अखेरच्या तिमाहीत झपाट्याने वाढतो. ३४ ते ३५ व्या आठवड्यात त्याचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. मेंदूवरच्या वळ्याही याच काळात ठळक होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ही वाढ काचेच्या पेटीत किंवा आईच्या छातीशी व्हावी लागते.

न ताणली जाणारी टेप भुवयांच्या वरून डोक्यामागील उंचवट्यावरून फिरवतात. पहिल्या आठवड्यात शरीरातील पाणी घटल्याने घेर किंचित कमी होतो; पुढे तो आठवड्याला साधारण ०.५ ते १ सेंमी. वाढतो. त्याहून वेगाने वाढणारे डोके बाळसे समजू नये. मेंदूच्या पोकळ्यांत रक्तस्राव होऊन पाणी साचल्याची ती खूण असू शकते. त्यासाठी टाळूवरून सोनोग्राफी करतात.

घेर वाढीच्या कोणत्या तक्त्याशी ताडावा, याबद्दल मतभेद आहेत. फेंटन तक्ता (सुधारित २०१३) सहा विकसित देशांतील सुमारे ४० लाख जन्मांच्या नोंदींवर आधारला आहे, पण त्यात प्रामुख्याने जन्मवेळची मापे आहेत. इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने (२०१५) तीच बाळे जन्मानंतर पुन्हा पुन्हा मोजली. त्याच्या आठ केंद्रांत नागपूर होते, मराठवाड्यातील एकही नव्हते. बाळे मात्र २०१च, आणि ३३ आठवड्यांआधीची फारच थोडी. त्यामुळे फार लवकर जन्मलेल्यांसाठी फेंटन, पुढे इंटरग्रोथ, हा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो.

वय जन्मतारखेवरून नव्हे, अपेक्षित प्रसूतितारखेवरून धरतात. दोन महिने आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, की तक्त्यावर ते चार महिन्यांचे. ही दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत करतात.

‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हा समज मराठवाड्यात अजून ऐकू येतो. त्याला आधार नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. बाळंतिणीच्या घरी टाळू भरतात, मालिश करताना डोके गोल व्हावे म्हणून दाबतात, दाबणे टाळावे. एकाच कुशीवर निजवल्याने लांबट झालेले डोके कूस बदलत राहिल्याने बरेच सुधारते.

बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या वाटेला लागतात व उन्हाळ्यात परततात. एसएनसीयूतून (सरकारी रुग्णालयातील नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षातून) घरी आलेल्या बाळाची मापे नेमकी या काळात खंडित होतात. एकट्या आकड्यावरून वाढ मंदावली की नाही हे कळत नाही, म्हणून कार्ड सोबत नेऊन तोडीच्या गावच्या आशाताईकडून दर महिन्याला घेर नोंदवून घेणे आवश्यक ठरते.