ग्रीसमध्ये समुद्रकाठचं घर घेताय? कागद कुठे अडतात ते आधी वाचा

कोळ्यांची वस्ती, दारात निळं पाणी, किंमत मुंबईतल्या दोन खोल्यांएवढी. अशी जाहिरात पाहिली की लोक थेट बयाणा द्यायला निघतात. जरा थांबा. आधी नकाशा उघडा.

समजा, घर सामोस बेटावरच्या कोक्कारी या मासेमारीच्या गावाजवळ आहे. सामोसहून तुर्कस्तान सर्वांत जवळच्या ठिकाणी दोन किलोमीटरही दूर नाही. त्यामुळे 1990 च्या 1892 क्रमांकाच्या कायद्यानुसार हा सीमाभाग ठरतो. लेस्वोस, खिओस, सगळी दोदेकानिस बेटं आणि सँटोरिनीसुद्धा याच यादीत आहेत. भारतीय नागरिकाला इथे घर घ्यायचं तर खास समितीची परवानगी लागते आणि समितीत संरक्षण खात्याचा माणूस असतो. परवानगीशिवाय केलेलं खरेदीखत रद्दबातल. अर्जात वापराचा हेतू लिहावा लागतो, तिथे 'गुंतवणूक' एवढा एकच शब्द लिहून पाठवू नका. कोण राहणार, वर्षातून किती दिवस राहणार, ते साधेपणाने मांडा. शेतकरी दाखल्याशिवाय आपल्याकडे शेतजमीन मिळत नाही, तसंच समजा. एजंट हे सांगत नाही, कारण त्याला विकायचं असतं.

हेच घर मुख्य भूमीवर, मेसिनियातल्या मानी भागात असेल तर ही परवानगी लागत नाही.

दुसरी गाठ वाळूची. लाटा नेहमी जिथपर्यंत पोचतात तो पट्टा सरकारचा, कोणाच्याही मालकीचा होत नाही. त्यामागे 50 मीटरपर्यंतची जागाही किनारपट्टी म्हणून आखली जाऊ शकते. कोकणात सीआरझेडने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांनी, पोळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. 'खाजगी किनारा' असं जाहिरातीत असेल तर ती थाप समजा आणि किनाऱ्याची अधिकृत रेषा दाखवणारा मोजणी नकाशा मागा.

मग बांधकाम. विकणाऱ्याने इंजिनिअरचा दाखला द्यायचा असतो, की घरात बेकायदा काही नाही. जुन्या घरांत बंद केलेला व्हरांडा, वाढवलेली खोली, परवान्याशिवाय खणलेला पोहण्याचा तलाव हमखास सापडतो. असं बेकायदा काम 28 जुलै 2011 पूर्वीचं असेल तर बहुतेक वेळा दंड भरून नियमित होतं. त्यानंतरचं असेल तर दुसरं घर बघा.

आता आपल्या बाजूचा घोळ. ग्रीसचा करक्रमांक, 'आफिमी', काढल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. त्या अर्जात वडिलांच्या आणि आईच्या नावाचे वेगळे रकाने असतात. आपल्या बायकांच्या पासपोर्टवर मधलं नाव बहुधा नवऱ्याचं असतं, ते पाहून तिकडचा कारकून तेच वडिलांचं नाव म्हणून लिहून टाकतो. पुढे लग्नाचा दाखला जोडला की दोन्ही कागद जुळत नाहीत आणि अर्ज परत. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला सुरुवातीलाच अपोस्टील (परदेशात चालणारा सरकारी खरेपणाचा शिक्का) करून, ग्रीकमध्ये अधिकृत भाषांतर करून ठेवा. वकिलाला दिलेल्या मुखत्यारपत्राचंही तसंच, नाहीतर ते दिल्लीच्या ग्रीक दूतावासात करा.

भारतातून पैसे पाठवायची मर्यादा माणशी, वर्षाला 2,50,000 डॉलर. वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारीत मर्यादा नव्याने सुरू होते असं समजून फेब्रुवारीत बँकेत गेलेले लोक मी पाहिलेत, हात हलवत परत आले. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र वापरायची असेल तर खरेदीखतात दोघांचीही नावं हवीत. शिवाय 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेते. तो पुढे रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्या दिवशी रोख तयार लागते.

घर घेतलं की राहायची परवानगी आपोआप मिळते, हा गैरसमज कुठून पसरला कोण जाणे! त्यासाठी गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणारा राहण्याचा परवाना, लागतो आणि त्याला 2024 पासून सामोससारख्या, 3,100 हून जास्त वस्तीच्या बेटांवर किमान 8 लाख युरो लागतात, मानीत 4 लाख, आणि दोन्हीकडे एकच मालमत्ता, किमान 120 चौरस मीटरची. जुनी 2.5 लाख युरोंची जाहिरात आजही फिरते आहे. ती सवलत आता मुख्यतः व्यापारी जागेचं घर करणं किंवा वारसा इमारतीची दुरुस्ती, एवढ्यापुरती उरली आहे. व्हिसावर घेतलेलं घर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येत नाही, दिलं तर 50,000 युरो दंड. व्हिसा नको असेल तर घर त्याहून स्वस्तही घ्या, पण मग शेंगेनच्या (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या) नियमाने 180 दिवसांत 90 दिवसच राहता येईल.

बाकी सरळ आहे. सुमारे 3 टक्के हस्तांतरण कर आधी भरायचा, नोटरीपुढे सही करायची, ग्रीक येत नसेल तर दुभाषा सोबत ठेवायचा, पैसे बँकेतूनच द्यायचे आणि शेवटी भूनोंदणी कार्यालयात नाव चढवायचं. भारतात राहत असाल तर दरवर्षी रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात हे घर दाखवा. भाडं येत नसलं तरी दाखवा, कारण विसरलात तर 10 लाख रुपयांचा दंड बसू शकतो.